सुपडूआप्पांच्या गार खोलीतली चित्रं

आमच्या सोसायटीत पहिला एसी बसला तो सुपडूआप्पांकडे, आणि त्या एसीच्या खोलीत आजवर एकही माणूस झोपलेला नाही.

सुरतेतल्या डिंडोलीचा मे महिना काय असतो ते डिंडोलीत राहणाऱ्यालाच विचारा. भिंतीला पाठ टेकली तरी चटका बसतो. अशा दिवसांत आप्पा बनियनवर ओट्यावर बसून वर्तमानपत्राने वारा घेतात, त्यांची बायको ओला पंचा डोक्यावर टाकून भाकरी थापते, आणि आतल्या खोलीत एसी मजेत घुमत असतो. कोणासाठी? तर आप्पांच्या जुन्या कॉम्प्युटरांसाठी! आप्पांच्या बायकोला आमची अख्खी लाइन, आप्पासुद्धा, जिजी म्हणते. मी एकदा न राहवून म्हटलं, "जिजी, दुपारची तरी आत जाऊन पडत जा ना." तर म्हणाली, "पडले होते वं माय एकदा. चादर घेऊ दिली नाही. म्हणे, धागे उडतात. उशी घेऊ दिली नाही. म्हणे, कापूस उडतो. मग म्हणाले घोरू नको. मी म्हटलं, चुलीत गेला तुमचा एसी."

घोरण्याने काय उडतं ते आप्पांनी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

मी लता. आप्पांच्या समोरच्या घरात राहते, साड्यांना फॉल लावते, पिको करते. माझं मशीन दाराशीच असतं, त्यामुळे समोर काय चाललंय ते मला दिसतंच, मुद्दाम बघायला जावं लागत नाही. तरी लोक म्हणतात, लताला सगळ्यांच्या घरातलं माहीत. दार समोर असेल तर मी काय डोळे मिटून शिवू?

तर आप्पा. मूळचे पारोळ्याकडचे. तरुणपणी सुरतेला आले आणि पांडेसऱ्याच्या एका प्रिंटिंग मिलमध्ये लागले. साडीचं डिझाइन हाताने फिल्मवर उतरवायचं काम. मग मिलमध्ये कॉम्प्युटर आले. निम्मे लोक घाबरून दुसऱ्या धंद्याला लागले, आप्पा मात्र कॉम्प्युटरच्या प्रेमात पडले. पुढे डिझाइन रूमचे हेड झाले. तिथली पोरं जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता कॉम्प्युटरवर स्वतःची चित्रं काढायची. कोणी गावचा बाजार काढायचा, कोणी कानबाई देवीची मिरवणूक हलती करायचा, कोणी शेठचंच नाक काढायचा. हेड म्हणून आप्पांनी रागवायला हवं होतं. ते रागवायचे, आणि पोरं गेली की प्रत्येक चित्राची कॉपी फ्लॉपीवर घेऊन खिशात टाकायचे. शेठच्या नाकाचीसुद्धा.

मिलने जुने कॉम्प्युटर भंगारात काढले तेव्हा आप्पा शेठला विचारून टेम्पोच घेऊन गेले. घरासमोर टेम्पो थांबला, वरून मोठमोठी खोकी उतरायला लागली. जिजीला वाटलं, रिटायर झाल्यावर का होईना, फ्रीज आला. तिने तर हळदीकुंकू काढून ठेवलं होतं. खोक्यातून निघाले ते जुने ढेरपोटे मॉनिटर. हळदीकुंकू काढलंच होतं म्हणून तिने त्यांनाच लावलं.

त्या कॉम्प्युटरांना आप्पांनी नावं ठेवलीत, आणि तीही गावांची. ज्या पोराने ज्यावर काम केलं त्या पोराचं गाव. त्यामुळे त्यांच्या घरातलं बोलणं नव्या माणसाला कळतच नाही. जिजी विचारते, "भाजी काय आणू?" आप्पा म्हणतात, "थांब वं, साक्रीचा पंखा अडकलाय." एकदा एक पाहुणे आले होते, त्यांच्यासमोर आप्पा म्हणाले, "शिरपूर आता काही वाचत नाही, उद्या उघडून बघतो." पाहुण्यांची लेक शिरपूरला दिलेली. त्या बिचाऱ्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि लेकीला फोन लावला.

त्या खोलीत शिरायचीही रीत आहे. चपला काढायच्या, हात कोरडे करायचे आणि दाराशेजारच्या खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावायचा. सिंथेटिक साडीत वीज साठते, ती गजातून उतरते, मग आत या, असं आप्पांचं शास्त्र. सुरतेत राहून सिंथेटिक साडीवर संशय घेणारा हा एकच माणूस असेल. सत्यनारायणाला आलेल्या भटजींनाही त्यांनी गजाला हात लावायला लावला. भटजींना वाटलं, या घरचा काही कुळाचार असेल. त्यांनी गजाला हात लावून तो भक्तिभावाने डोळ्यांना लावला. ते बघून मागच्या बायकांनीही लावला.

आणि तापीची ती मोठी रेल आली तेव्हाची गोष्ट तर जिजी अजून सांगते. सुरतेत पुराला रेल म्हणतात. आप्पा तेव्हा खालच्या भागात राहायचे. पाणी माळ्याला लागायला आलं, होडी आली. आप्पांनी गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी उराशी धरून पुढे केलं. होडीवाल्याला वाटलं तान्हं मूल आहे. त्याने गुजरातीत "अरे रे, लाव काका, लाव", म्हणजे द्या इकडे, म्हणत हात पुढे केले, आणि त्याच्या हातात फ्लॉप्यांचा डबा आला. जिजी मागे माळ्यावरच उभी. ती म्हणते, "माझा नंबर तिसरा लागला. मधे मॉनिटर होता."

खुशीत आले की आप्पा अहिराणीवर येतात. एखादा बंद पडलेला कॉम्प्युटर टुक करून जागा झाला की मांडीवर थाप मारून ओरडतात, "जित्तं शे वं!" म्हणजे, जिवंत आहे गं. जिजी स्वयंपाकघरातून ओरडते, "मी पण शे!"

मी या सगळ्याला खूप हसले आहे. लाइनमधल्या बायकांना नकला करून दाखवल्या आहेत. पण आज मी आप्पांबद्दल लिहायला बसले आहे ती हसवायला नाही. त्यांचे माझ्यावर जे उपकार आहेत ते कुठेतरी सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

माझे मिस्टर, म्हणजे निलेशचे पप्पा, पलसाण्याच्या एका मिलमध्ये डिझायनर होते. आप्पांची मिल वेगळी, यांची वेगळी. यांनी एक साडी केली होती, बाजरीच्या कणसांचे बुट्टे असलेली. ती बाजारात चांगली गेली. पहिल्या लॉटमधली एक साडी मला मिळाली, डाळिंबी रंगाची. आता बघा, कोणत्याही साडीची एकाच डिझाइनमध्ये वेगवेगळ्या रंगांची मॅचिंग निघतात. मी सहज म्हणाले, "मोरपंखीपण छान दिसली असती." एवढंच. तर या माणसाने जेवणाच्या सुट्टीत बसून मिलच्या कॉम्प्युटरवर एक हलतं चित्र काढलं. गच्चीवर एक बाई साडी वाळत घालते आहे. वारा येतो, साडी फुगून वर जाते, आणि खाली येते तेव्हा तिचा रंग बदललेला असतो. मोरपंखी, आंबा, राणी, बाटलीसारखा हिरवा, सगळी मॅचिंग. शेवटी पुन्हा डाळिंबी. बाई विटेवर चढून उभी आहे, कारण तिचा हात दोरीला पुरत नाही. मी बुटकी आहे. त्यामुळे ती बाई कोण, हे मला कोणी सांगावं लागलं नाही.

मिलमध्ये दिवाळीच्या पूजेला घरच्यांना बोलवायचे, तेव्हा यांनी मला ते दाखवलं. आजूबाजूला माणसं होती, मी लाजून नीट बघितलंही नाही. फ्लॉपी घरी आणली, म्हणाले, "घरी कॉम्प्युटर घेऊ तेव्हा निवांत बघू." घरी कॉम्प्युटर आला तोवर फ्लॉपी घालायची जागाच कॉम्प्युटरवाल्यांनी बंद केली होती. आणि मग एका हिवाळ्यात छातीत दुखायचं निमित्त झालं आणि हेच गेले.

निलेश इच्छापोरला कंपनीत आहे. त्याने मागच्या वर्षी कुठून कुठून चौकशी करून ती फ्लॉपी एका मोबाइलवाल्याकडे दिली. मोबाइलवाला म्हणाला, "थई जशे, टेन्शन नहीं." होऊन जाईल म्हणे, आणि खरंच पेन ड्राइव्हवर करून दिलं. निलेशने हौसेने टीव्हीला लावलं. अगंबाई! साडी इतक्या जोरात वर-खाली व्हायला लागली की ती बाई वाळत घालते आहे की तिच्यामागे मधमाश्या लागल्यात ते कळेना. रंग तर डोळ्यांत घुसत होते. क्षणात सगळी मॅचिंग संपली. निलेश म्हणाला, "चालतंय ना मम्मी?" पोर ड्युटीवरून थकून येऊन हे सगळं करत होतं. मी म्हटलं, "हो रे, छान झालंय." आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

दुसऱ्या दिवशी आप्पा माझ्या दाराशी आले. "काय वं, तुझं मशीन सकाळपासून बंद का?"

मी सांगितलं. सांगता सांगता पुन्हा रडले. आप्पांनी पेन ड्राइव्हवरचं चित्र आपल्या लॅपटॉपवर बघितलं आणि म्हणाले, "निलेशची चूक नाही, मोबाइलवाल्याचीही नाही. त्यांनी चित्र आणलं. पण ते ज्या कॉम्प्युटरवर काढलं तो सावकाश चालणारा होता, चित्र त्याच्या चालीने चालायचं. आताचा कॉम्प्युटर धावतो, मग चित्रही धावतं. मूळ फ्लॉपी कुठे आहे?"

फ्लॉपी माझ्या कपाटात, चांदीच्या जोडव्यांच्या डबीशेजारी. आप्पांनी ती खिडकीच्या उजेडात धरली, बाजूची पत्र्याची झडप सरकवली आणि त्यांचा चेहरा पडला. आत बुरशी धरली होती. सुरतेची दमट हवा, दुसरं काय! म्हणाले, "मोबाइलवाल्याने अर्धीच वाचलेली दिसते, म्हणूनही चित्राची घाण झालीय. मी धुऊन पुसून नव्या कवचात घालतो. पण माय, आता फार तर एकदाच वाचू देईल. नाही वाचली तर गेली. तू म्हणशील तर लावतो. नाहीतर राहू दे तशीच, निदान घरात आहे एवढं तरी."

आता आली का पंचाईत! मी म्हटलं, "विचार करून सांगते." दोन साड्यांचे फॉल उलटे लावले, इतका विचार केला. मग वाटलं, बंद कपाटात ठेवून मी काय तिची पूजा करणार आहे? गेले आणि म्हटलं, "लावा."

पण आप्पा लगेच लावतील तर ते आप्पा कसले! "कसाले घाई करस?" म्हणाले, आणि त्यांनी माझी तपासणी सुरू केली. मी शिवत असताना समोर खुर्ची टाकून बसायचे. वारा डावीकडून यायचा की उजवीकडून? बाई साडीकडे बघते की आपल्याकडे? साडी पडद्यासारखी हलते की धोतरासारखी? मी म्हटलं, "आप्पा, मी नवऱ्याचं चित्र बघितलं, पंचनामा नाही केला." तर म्हणाले, "काढणारा नाही ना आता विचारायला. मग बघणारीलाच विचारणार. माझ्या मनाने केलं तर ते माझं चित्र होईल, त्याचं राहील का?" मी डोळे मिटून आठवत बसायला लागले, आणि खरं सांगते, इतक्या वर्षांत नाही आठवलं ते आठवलं. बाईच्या वेणीचं टोकसुद्धा वाऱ्यात हलायचं.

शेवटी एका रविवारी सकाळी बोलावलं. मी गजाला हात लावून आत गेले. आप्पांनी फ्लॉपी साफ करून ठेवली होती. साक्रीत घातली. आतून कर्र कर्र आवाज यायला लागला. जिजी भाकरीचं पीठ हाताला तसंच घेऊन दारात उभी. कर्र कर्र थांबलं. मग परत कर्र झालं आणि पडद्यावर गच्ची उमटली.

"जित्तं शे वं!" आप्पा ओरडले. या वेळी जिजीने पिठाच्या हाताने माझा खांदा धरला.

वारा आला. सावकाश. साडी फुगली, वर गेली, हळूच खाली आली. चाल अगदी तीच. पण रंग... मी म्हटलं, "आप्पा, डाळिंबी नाही आहे हो ही. विटकरी आहे."

आप्पा म्हणाले, "असणारच. मिलमध्ये आम्ही पडद्यावर विश्वास ठेवायचो का? कापड छापून आलं की पडद्याशेजारी धरायचं आणि पडद्याची बटणं फिरवून रंग कापडावर आणायचा. तुझ्या मिस्टरांचा मॉनिटर त्यांच्या मिलच्या कापडावर लावलेला असणार. जा, ती साडी घेऊन ये."

साडी आणली. आप्पांनी तिचा पदर मॉनिटरजवळ धरला, खिडकी उघडली, कारण मॅचिंग बघायचं तर दिवसाच्या उजेडात, आणि बटणं फिरवत बसले. बराच वेळ. मग विजयी मुद्रेने म्हणाले, "बघ!"

बघितलं. सगळंच चित्र विटलेलं. डाळिंबी म्हणावी तर उकडलेल्या बिटाच्या पाण्यासारखी, मोरपंखीचा नुसता धूर. मी म्हटलं, "हे नाही." आप्पा म्हणाले, "कापडाला कापड जुळतंय, तू स्वतः बघ." मी म्हटलं, "जुळत असेल, पण हे नाही!" ते म्हणाले, "तुझी आठवण रंगवून सांगते आहे." मी म्हटलं, "आणि तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे!" जिजी म्हणाली, "दोघं भांडा, मी भाकरी टाकते."

मी रागाने साडी घडी करायला घेतली आणि हातात तिचा काठ आला. तेव्हा डोक्यात लख्ख झालं. ही साडी मी किती वर्षं नेसले, किती उन्हांत वाळवली! रंग उतरलेला मीच तर आणून दिला आप्पांना. पण मी बुटकी. साडीची उंची मला जास्त व्हायची म्हणून खालचा काठ दोन बोटं आत दुमडून त्यावर मी फॉल लावला होता. त्या दुमडीत ऊन कधी शिरलंच नसणार.

"आप्पा, कात्री द्या," म्हटलं.

तिथेच जमिनीवर बसून टाके उसवले. दुमड उघडली. आत डाळिंब! दुकानातून आणलेल्या दिवशी होती तशी, ओली वाटावी इतकी ताजी. आप्पा बघतच राहिले. मग दुमडीची ती पट्टी मॉनिटरला लावून धरायला मला सांगितलं आणि एकेक बटण केसभर फिरवायला लागले. विटकरी गेली. पिवळट झाक गेली. आणि एकदम ती आली. आप्पांना माझ्या तोंडावरूनच कळलं असावं. त्यांनी बटणावरचा हात काढला, उठले, मला खुर्चीत बसवलं आणि दार ओढून घेऊन बाहेर गेले.

मग मी ते चित्र एकटीने बघितलं. त्या दिवाळीला लाजून बघितलं नव्हतं ते सगळं बघितलं. बाई साडीकडे बघत नाही, आपल्याकडे बघते, आणि साडी मोरपंखी झाली की थोडीशी हसते. दिवसभर दुसऱ्यांच्या बायकांच्या साड्या रंगवणारा माणूस जेवणाचा डबा बाजूला सारून माझ्यासाठी रंग लावत बसला होता. मी पोटभर रडले, आणि त्या दिवशी मोरीतला नळ सोडावा लागला नाही.

बाहेर आले तर आप्पा ओट्यावर बसले होते, घामाने भिजलेले. मी पाया पडले. म्हटलं, "तुमचे उपकार कसे फेडू?" त्यांना हे असलं बोलणं आवडत नाही. ते विषय बदलायला म्हणून म्हणाले, "निलेशला घेऊन ये संध्याकाळी. कॉपी देतो त्याला, चाल सावकाश बांधून. पण एकदा इथे बघू दे."

मी सहज विचारलं, "आप्पा, आत एवढ्या पोरांची चित्रं आहेत. त्यांच्या घरचे येतात का बघायला?"

आप्पांनी वर्तमानपत्राने वारा घेतला. "फोन करतो मी सगळ्यांना. कोणी गावी गेलं, कोणी वारलं. त्यांची मुलं गोड बोलतात हो. म्हणतात, मोबाइलवर पाठवा. पाठवतो. बघितल्याची निळी खूण येते." मग म्हणाले, "या खोलीत बसून स्वतःच्या माणसाचं चित्र बघितलेली तू पहिलीच."

"मग ही चित्रं रोज लावता कोणासाठी?"

"चित्र आहे ते. कोणीतरी बघायला नको? मी बघतो. जिजीने सगळी बघितली, ती कंटाळली. मी तरी एकटा किती बघणार, माय?"

एवढा बडबड्या माणूस, पण हे इतकं हळू बोलला की रस्त्यावरून भाजीची हातगाडी जात होती तिच्या आवाजात जवळजवळ बुडून गेलं. मी घरी फॉलच्या साड्यांचा ढीग टाकून आले होते. गिऱ्हाइकं खोळंबली होती. मी परत आत गेले आणि त्या खुर्चीत बसले.

आप्पा दारात आले. "काय गं, राहिलं का काही?"

"दुसरं लावा," मी म्हटलं.

"कोणाचं?"

"ज्याचं कोणी आलं नाही त्याचं."

आप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "जिजी, लताचं पीठ जास्तीचं मळ वं!" आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "आज जेवायला इथेच थांब, माय. चित्रं खूप शेतस."